चेनवालीचा खाडा

जुन्या यंत्रांची किंमत ठरवणं हा माझा धंदा आहे. जनरेटर, क्रेन, छपाईची यंत्रं, एकदा तर पिठाची चक्कीसुद्धा. यंत्राभोवती फिरायचं, ठोकून बघायचं, हात काळे करायचे आणि शेवटी एक आकडा लिहायचा. तो विकणाऱ्याला कमी वाटतो आणि घेणाऱ्याला जास्त. दोघेही नाराज झाले की आकडा बरोबर आला असं मी समजते.

लालबागला एका बंद गिरणीच्या आवारात एक लोडर उभा होता. टायरांऐवजी पोलादी पट्ट्यांवर चालणारा, पुढे माती उचलायची मोठी बकेट असलेला. या पट्ट्यांना चेन म्हणतात, म्हणून त्या मशीनला सगळे चेनवाली म्हणत. मालक दादरचे एक कंत्राटदार. ऑपरेटर चौतीस वर्षं एकच, आणि तो म्हणजे माझे वडील.

मालकांनी मला फोन केला तेव्हा मी सांगितलं, की वडिलांच्या मशीनचं मूल्यांकन मुलीने करणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, "मशीन माझी आहे, वडिलांची नाही." मुद्दा बिनतोड होता. घरात मात्र हे कोणी मान्य केलं नसतं.

प्रकरण साधं होतं. सिंधुदुर्गात, आमच्याच तालुक्यात, एकाची चिऱ्याची खाण आहे. त्याला चेनवाली हवी होती आणि तिच्यासोबत तिचा ऑपरेटरही चालणार होता. पण तो मशीन कर्जावर घेणार होता आणि कर्ज देणाऱ्यांची अट होती, की मशीन एकूण पंचवीस हजार तासांपेक्षा जास्त चाललेली नसावी. तसं कागदावर हवं. नाहीतर सोमवारी गॅसकटरवाले येऊन तिचे तुकडे करणार आणि ती वजनावर जाणार. वडिलांनी गावच्या घराची कौलं बदलायची बोलणी सुरूही केली होती. आईला काही विचारलं नव्हतं, पण तिची लोणच्याची बरणी कोणत्या पिशवीत जाईल हे ठरलं होतं.

तपासणीला जायच्या आदल्या दिवशी मी वडिलांना बजावलं, "बाबा, मी येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. मला ते थंड असताना सुरू होतं का ते बघायचंय." ते बरं म्हणाले. सकाळी नऊला मी पोचले आणि इंजिनाला हात लावला. चांगलं कढत होतं.

"बाबा, हे गरम आहे."

"उन्हात उभी आसा मा. तापतली नाय तर काय?"

चेनवाली ज्या कोपऱ्यात उभी होती तिथे बाजूच्या टॉवरमुळे ऊन भर दुपारीही येत नाही. मी वहीत लिहिलं: थंड इंजिनाची चाचणी होऊ शकली नाही.

तिला नवा पिवळा रंगही दिलेला होता. घाई इतकी, की रंगाखाली चिकटलेला चिखल तसाच पिवळा झाला होता. मी नखाने तो उकरत होते तेव्हा वडील माझ्याकडे अशा नजरेने बघत होते, की मी जणू मुलगी बघायला आलेली वरमाई आहे. चेन ज्या चाकावर फिरते त्या चाकाचे दात झिजून टोकदार झाले की चाक संपलं असं धरतात. हिचे अर्धे संपले होते. मग मी बकेट वर उचलून धरायला लावली, जमिनीपासून उंची मोजली आणि दहा मिनिटं थांबले. तेलाचा दाब धरून राहत नसेल तर बकेट हळूहळू खाली येते. वडिलांनी तेवढ्यात चहा मागवला. दहा मिनिटांनी बकेट चार बोटं खाली आली होती.

"खाली नाय इली," वडील म्हणाले. "तू चाय पित होतंस, तुका तसा वाटला."

"मी टेपने मोजलंय, बाबा."

"मग जमीन फुगली आसतली."

एकंदरीत मशीन वयाच्या मानाने ठणठणीत होती. इंजिन कान देऊन ऐकलं तर एका लयीत चालत होतं, धूर पातळ होता. चालू मशीन म्हणून जी किंमत आली असती, भंगार म्हणून त्याच्या एक तृतीयांश आली असती. आता प्रश्न फक्त तासांचा उरला होता, आणि तास मोजायचं मीटर मशीन आली त्याच वर्षी बंद पडलं होतं. मालकांनी ते दुरुस्त केलं नाही, कारण त्यांच्याकडे वडील होते.

वडिलांचं मीटर आमच्या स्वयंपाकघरात होतं. रोज संध्याकाळी ते मोरीत हात धुताना मोठ्याने आकडा सांगत, "आठ," "साडेसात," आणि आई भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकोनात तो लिहीत असे. त्याच चौकोनात दुधाचा हिशोबही असे. वरच्या कोपऱ्यात दूध, खालच्या कोपऱ्यात मशीन. मशीनला काम नसेल त्या दिवशी खालचा कोपरा कोरा. अशी चौतीस कॅलेंडरं माळ्यावर सुतळीने बांधून ठेवलेली होती. एक वर्ष सापडेना, ते मसाल्याच्या डब्यांखाली निघालं. त्या वर्षाचा श्रावण हळदीने पिवळा झालाय.

मी तो गठ्ठा माटुंग्याला माझ्या घरी नेला आणि बेरीज करायला बसले. माझं अख्खं लहानपण त्यात तासांवर होतं. आजोबांनी परळच्या ज्या गिरणीत साचे, म्हणजे कापडाचे माग, चालवले, ती पाडल्यावर तिचा ढिगारा वडिलांनी चेनवालीने ट्रकमध्ये भरला होता. त्या दिवसाच्या चौकोनात लिहिलंय: नऊ. माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी साडेआठ, दूध अर्धा लिटर जास्त.

मधेमधे 'खाडा' लिहिलेलं होतं. आमच्या घरात हा शब्द आजोबांबरोबर गिरणीतून आला. काम असून कामावर न जाणं म्हणजे खाडा. दर वर्षी मे महिन्यात दोन-तीन आठवड्यांवर आडवी रेघ आणि रेघेच्या सुरुवातीला 'खाडा'. त्या दिवसांत मशीनचे तास नाहीत. मी शून्य धरत गेले. मग माझ्या जन्माचं वर्ष आलं. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत सलग रेघ. खाडा.

माझा जन्म आईच्या माहेरी, कोकणात झाला. एप्रिलमध्ये. म्हणजे वडिलांनी पाच महिने मशीन बंद ठेवली होती आणि ते आमच्याजवळ येऊन राहिले होते. ज्या माणसाने माझ्या लग्नात मांडवाच्या खांबांची मजबुती तपासण्यापलीकडे कुठलीही भावना दाखवली नाही, त्याने पाच महिने! मी चहा करून प्यायले आणि ते पान पुन्हा पाहिलं.

खाडा दुधाचाही असतो, हे मुंबईत वाढलेल्या कुणालाही माहीत असतं. घर बंद असलं की दूधवाल्याला खाडा सांगतात. मला ते त्या संध्याकाळी सुचलं नाही. मे महिन्यात आम्ही आईबरोबर गावी असायचो आणि वडील नसायचे, हेही मला चांगलं आठवत होतं. ते तेव्हा मुंबईत काय करायचे हा प्रश्न मला कधी पडला नाही, मी आंबे खात असे. आईला एक फोन करायला हवा होता. केला नाही, कारण मला उत्तर आवडलं होतं. माझ्या धंद्यात याला हलगर्जीपणा म्हणतात.

बेरीज आली तेवीस हजार नऊशे चाळीस. अटीच्या आत. कागदावर मशीन वाचली आणि वडील गावी निघाले. मी रिपोर्ट लिहिला. मागे वर्षवार तक्ता जोडला, खाड्याचे आठवडे त्यात शून्य म्हणून वेगळे दाखवले.

रविवारी सकाळी मी तो घेऊन लालबागला आई-वडिलांच्या घरी गेले. वडिलांनी चष्मा लावला आणि ओठ हलवत वाचायला लागले. 'इंजिनाची स्थिती: उत्तम' इथे त्यांनी आईला हाक मारून ते पुन्हा मोठ्याने वाचलं. 'रंग: नवीन' ही ओळ त्यांनी मनातल्या मनात वाचली. मग तक्ता आला. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"ह्यां काय? मे महिन्यात शून्य?"

"खाडा होता ना, बाबा. कॅलेंडरात आहे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं, परत माझ्याकडे.

"अगो, ह्यो खाडो दुधाचो!"

आई कणीक मळता मळता म्हणाली, की ती गावी गेल्यावर दूध बंद असायचं, वडील एकटे कोरा चहा पीत. आणि ती घरात नसल्यावर तास लिहिणार कोण?

"मे महिन्यात मशीन बंद कशी रवात?" वडिलांचा आवाज चढला. "पावसाच्या आधी पायाचे खड्डे कोण खणतलो, तुजो आजो?"

मी हिशोब मनात केला. दर मे महिन्याचे दोन-तीन आठवडे, आठ-आठ तास, चौतीस वर्षं. आणि वर ते पाच महिने. मी वडिलांना शांतपणे सांगितलं, की हे तास लिहिले तर आकडा पंचवीस हजारांच्या वर जातो. कर्ज मिळणार नाही. खाणवाला घेणार नाही. उद्या कटरवाले येतील. आणि मीटर तर बंदच होतं, कॅलेंडरं आमच्याशिवाय कुणी बघितलेली नाहीत. माझ्या आयुष्यात मी एखाद्याला खोटा आकडा राहू द्या असं पहिल्यांदा सांगत होते, आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

"म्हायत आसा माका," ते म्हणाले.

"मग राहू दे ना, बाबा."

"माझ्या मशीनीक खाडो नाय. चौतीस वर्सांत एक नाय. तू कागदावर तिका पाच-पाच महिने घरी बसवतंस?"

इंजिन गुपचूप तापवणारा, चिखलावर रंग मारणारा, जमीन फुगली म्हणणारा हा माणूस. मी वाद घातला नाही. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांचं म्हणणं पटलंही होतं, आणि हे दोन्ही एकाच वेळी होत असलं की मी गप्प बसते.

आईने हात धुतले आणि पेन घेऊन बसली. वडील मोरीच्या उंबऱ्यावर उभे राहिले, नेहमीच्या जागी. कुठल्या वर्षी कुठे काम होतं हे त्यांना पाठ होतं. शिवडीला असेल तर आठ, परळला असेल तर नऊ, दादरला रस्त्यालगत असेल तर सात, कारण तिथे सकाळी ट्रक लावू देत नसत. आई लिहीत गेली. मी बेरीज करत गेले. माझ्या जन्माचं वर्ष आलं. फेब्रुवारी आठ-आठ, मार्च आठ-आठ. एप्रिलमध्ये आई थांबली आणि तिने पेनाने माझ्याकडे बोट केलं.

"आणि ह्या चेडवाच्या जल्माचो दिवस?"

"सात."

"आठ नाय?"

"खालच्या दुकानावर फोन इलो," वडील म्हणाले. "तासभर मशीन बंद ठेवलंय."

त्या तासात त्यांनी काय केलं हे मी विचारलं नाही. मला रडू आलं, आणि आईने माझ्या हातातला कॅल्क्युलेटर काढून घेतला, कारण तो तिचा होता. बेरीज तिनेच पुरी केली. अठ्ठावीस हजार नऊशे अकरा.

संध्याकाळी मालकांना रिपोर्ट पाठवला. लगेच फोन आला. "अगं, मीटर बंद होतं ना? मग एवढे तास सांगायला कुणी सांगितलं होतं?"

"ऑपरेटरने."

"आणि तू ऐकलंस?"

"हो."

ते म्हणाले, की तुझे वडील आधीपासूनच असे आहेत, आणि फोन ठेवला. खाणवाल्याने दुसरीकडून एक मशीन घेतली. तिचे तास बरेच कमी होते असं ऐकलं. मी ती पाहिलेली नाही.

सोमवारी कटरवाले आले. चेनवाली कोपऱ्यात अडकलेली होती, तिथवर त्यांचे सिलिंडर जाईनात. क्रेन मागवावी लागेल असं ते म्हणाले. वडील इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते वर चढले आणि त्यांनी चावी फिरवली. आठवडाभर तिला कोणी हात लावलेला नव्हता, रात्री गारवा होता, आणि इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. माझी थंड इंजिनाची चाचणी अशी पूर्ण झाली. वडिलांनी ती चालवत गेटपर्यंत नेली, बकेट जमिनीवर टेकवली, खाली उतरले आणि कटरवाल्यांना सांगितलं की टाकीत डिझेल आहे, ते आधी काढा.

बुधवारी मी लालबागला गेले होते. आई चहा गाळत होती, मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सोमवारच्या चौकोनात खाली आईच्या अक्षरात 'अर्धा' लिहिलंय. मंगळवारी वर दूध नेहमीसारखं, एक लिटर. खाली 'खाडा'. ते अक्षर आईचं नाही.