दोरा नसलेली पिशवी

पद्मा गेल्याचं कळलं ते ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर. ‘शांत व मनमिळाऊ स्वभावाच्या पद्मा मॅडम यांचे दुःखद निधन.’ शांत? मनमिळाऊ? मी भाजी चिरत होते, विळी बाजूला सारली आणि रडायच्या आधी चिडले. जिच्या एका हाळीला पुलावरची माणसं जागच्या जागी थांबायची, तिला शांत म्हणता? महिना उलटला तरी माझा राग काही उतरत नाही... म्हणून लिहायला बसले आहे.

आमच्या सोलापूरचं तळ्यातलं देऊळ म्हणजे बेटच. चारी अंगांनी पाणी, जायला पूल. शासनाची प्लास्टिकबंदी आली तेव्हा बेटावर एकही कॅरीबॅग जाता कामा नये असं वरून ठरलं आणि आरोग्य निरीक्षक म्हणून पद्माला पुलाच्या तोंडाशी उभं केलं. मी महापालिकेच्या त्याच ऑफिसात कारकून. सोमवारी गर्दी, म्हणून तिच्या मदतीला जायची. दंडाचं पुस्तक तिच्या पर्समध्येच पडून असायचं. लोकांची फुलं, नारळ ती वेताच्या दुरडीत काढून द्यायची, येताना दुरडी परत घ्यायची. दुधाच्या पिशवीवर तर तिचा दातच होता. लोक पिशवीचा कोपरा दातानं तोडतात आणि खुशाल पाण्यात थुंकतात. ‘‘ओ मामा, कोपरा तोडायचा नाही, नुसती चीर द्यायची. तुकडा पिशवीलाच लोंबू दे की!’’ उन्हाळ्यात पाणी मागं हटलं की ती पदर खोचून काठच्या गाळातले ते कोपरे वेचत बसायची. ‘‘देवाला दूध आणि माशाला कोपरा. वा रे भक्ती!’’ असं पुटपुटायची, आणि मला हसू आलं की माझ्यावरच डोळे वटारायची.

मग वरून कापडी पिशव्या आल्या. गठ्ठेच्या गठ्ठे, रंगीत, मऊ, वर ‘निसर्ग वाचवा’ छापलेलं. गठ्ठ्यावर ‘कापडी’ असा शिक्का. आम्ही दोघींनी दोन सोमवार हौसेनं वाटल्या. तिसऱ्या सोमवारी विणकराघरच्या एका म्हाताऱ्या तेलुगू बाईनं पिशवी हातात घेतली आणि विणकरांच्या सवयीनं काठाचा दोरा ओढायला गेली. चिमटीत काठ आला, दोरा येईना. पुन्हा ओढला. ‘‘काय गं बिड्डा, कापडाला दोरा असतो की. हेला दोराच न्हाय!’’ बाई विड्या वळायची आणि ओढायचीही, कमरेला काडेपेटी होतीच. काडी ओढून तिनं पिशवीचा काठ धरला. राख झाली नाही. काठ वितळला, काळा गोळा झाला आणि घाण वास सुटला. प्लास्टिकच ते, कापडाचं सोंग घेतलेलं.

पद्मा पांढरीफटक पडली. तिचे वडील अक्कलकोट रोड एमआयडीसीत मागावर टॉवेल विणायचे. त्यांच्या घरात कापड हातात आलं की आधी दोरा ओढून बघायचं, मग बोलायचं. ‘‘सगळ्या सोलापुरानं फसावं, पण मी?’’ एवढंच म्हणाली... आणि दुसऱ्या दिवशी लाऊडस्पीकर घेऊन पुलावर उभी. ‘‘मी दिलेल्या पिशव्या परत आणा. त्या प्लास्टिकच्या आहेत. न बघता वाटल्या, चूक माझी आहे!’’

साहेबांनी बोलावून घेतलं. कागद तयार होता, मीच टाइप केलेला. पिशव्या तपासल्या, कापडीच आहेत, खाली पद्माची सही. सही केली तर पूल तिच्याकडे राहणार, नाही तर बदली.

‘‘मॅडम, कागदावर कापडीच आहेत ना? मग विषय संपला.’’

‘‘साहेब, तुमचा कागद तळ्यात टाकला तर विरघळंल तरी. ही पिशवी विरघळत न्हाई.’’

बाहेर आल्यावर मी तिचा हात धरला. ‘‘कर गं सही. दोन वर्षं राहिलीत नोकरीची. पूल गेला तर तुझ्यामागं कोण बघणार?’’ हो, मीच म्हणाले. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहिते. तिनं हात सोडवून घेतला. ‘‘खोटी सही करून पुलावर उभी राहू? मग लोकांना कुठल्या तोंडानं हटकू?’’

तिला जन्म-मृत्यूच्या दाखल्यांवर टाकलं. पुलावर चार दिवस कुणीतरी शिपाई बसला, मग तोही उठला. झालं, बेटावर पुन्हा पिशव्या! पण पद्मा दर सोमवारी ऑफिसच्या आधी स्वतःच्या दुरड्या घेऊन पुलावर हजर. ना पद, ना पुस्तक. कुणी विचारलंच तर म्हणायची, ‘‘निरीक्षकाची बदली होती, भक्ताची होत न्हाई.’’ वर्षभर, ताप असला तरी, असं चाललं. शेवटी त्या तापाचंच निमित्त झालं. साधा म्हणून अंगावर काढला आणि आठ दिवसांत खेळ आटोपला. तिची खुर्ची भरायला ऑफिसला आठवडा लागला नाही. श्रद्धांजलीच्या सभेत साहेब तिच्या कार्यतत्परतेवर छान बोलले. मी मधूनच उठून आले.

गेल्या सोमवारी पद्माच्या सुनेकडून दुरड्या मागून घेतल्या आणि रिक्षानं पूल गाठला. आयुष्यभर मान खाली घालून टाइप करत आलेली बाई मी. मला कधी कुणाला हटकायची सवय नाही. पहिल्या दोघांकडे नुसतंच बघत राहिले, ते पिशव्या घेऊन पुढं गेले. तिसऱ्याला अडवलं. चांगला शिकलेला, जुळे सोलापूरच्या नव्या वसाहतीतलाच दिसत होता. ‘‘तुम्ही कोण? आयकार्ड आहे का?’’ तेवढ्यात फोन वाजला. साहेब. कुणीतरी लगेच कळवलं असणार.

‘‘मॅडम, तिथं कुणाच्या आदेशानं उभ्या आहात? पुढच्या वर्षी रिटायर होताय, कशाला भानगड?’’

‘‘साहेब, अर्धी रजा टाकली आहे. पुढच्या सोमवारचीही टाकली आहे, त्याच्या पुढचीही. आणि तो मी टाइप केलेला कागद खोटा होता, हे उद्या लेखी देते.’’

फोन बंद केला. तो माणूस अजून तिथंच, पिशवी हातात धरून उभा.

‘‘आयकार्ड नाही,’’ मी दुरडी पुढं केली. ‘‘नारळ ह्यात काढा, पिशवी इथं ठेवा.’’