प्रवाळाच्या खटल्यातली आमची वर्षं

माझी ताई अहमदाबादला वकिली करायची. नव्वदीच्या सुरुवातीला तिच्याकडे कच्छच्या आखातातल्या मच्छीमारांचं काम आलं. प्रवाळाच्या खडकांना लागूनच समुद्रात तेलाची विहीर खोदायचं घाटत होतं. खोदणाऱ्यांचं म्हणणं असं, की तिथला प्रवाळ केव्हाच मेलाय, आता राखायचं काय? तो जिवंत असताना पाहिलेलं कुणीतरी ताईला कोर्टासमोर हवं होतं.

ते कुणीतरी म्हणजे मी. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना एक अख्खा हिवाळा मी तिथे काढला होता. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून, खडकावर पाय पडू न देता चालायचं. मेंदूसारखी वळणं असलेले हिरवट-पिवळे गोळे, त्यांच्या फटींतून आत-बाहेर करणारे मासे. आमचे सर पुढे वारले, बरोबरच्या मुली परदेशी गेल्या. उरले मी, सिल्वासाजवळच्या राखोलीत, कंपनीच्या कॉलनीत.

आणि माझा नवरा ज्या कारखान्यात इंजिनिअर होता, तो तेलविहिरी खोदताना वापरायच्या चिखलाची पावडर बनवायचा.

आमच्याकडे कंपनीचं काय काय आहे, ते मी लिहून काढलं. क्वार्टर, गॅस, मुलांच्या शाळेची बस, पाण्याचा टँकर, दवाखाना. आमचं म्हणून कपाट आणि शिवणयंत्र उरलं. मग साक्ष देऊ का, असं नवऱ्याला विचारलं.

"पाहिलंयस ना?" तो म्हणाला. "मग पाहिलं म्हण."

सिल्वासाला बाजाराला जायचंच होतं. एका खेपेत काम उरकावं म्हणून शपथपत्र तिथल्याच नोटरीसमोर केलं. खरं तर वापीला जायला हवं होतं. सिल्वासात नोटरी मोजके, आणि प्रत्येकाचं कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जाणं-येणं. मी भाजी घेऊन घरी पोचायच्या आत बातमी कॉलनीत पोचली होती.

संक्रांतीचं हळदीकुंकू मॅनेजरांच्या बंगल्यावर असायचं. न जाण्याची सोय नव्हती. कोण आलं नाही, याचीच तिथे नोंद व्हायची. मॅनेजरांच्या बायकोने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि हात सोडलाच नाही.

"तिळगूळ घ्या वहिनी, गोड बोला. कोर्टातसुद्धा!"

"अहो, त्यांना कडक मंगळ असेल," सतरंजीवरून कुणीतरी म्हणालं. "पोवळ्याशिवाय चालत नाही त्यांचं!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. तोंडात तिळगूळ आणि कपाळाला कुंकू घेऊन भांडता येत नाही, हे बाईंना पक्कं माहीत होतं.

त्याच आठवड्यात नवऱ्याने ऑफिसात टाईप केलेलं दुसरं शपथपत्र घरी आणलं. लहान वयातली आठवण आहे, खात्रीने सांगता येत नाही, असा मजकूर.

"सही कर असं मी म्हणत नाही," तो म्हणाला.

"मग काय म्हणताय?"

"मी नाही, मॅनेजर म्हणतात."

मी सही केली नाही. उन्हाळ्यात कोर्टाने खोदकामाला स्थगिती दिली. तोवर नवऱ्याने नाशिकला नोकरी मिळवली होती. मी सामानाच्या खोक्यांवर नंबरसुद्धा टाकले. पण नाशिकवाल्यांना इथून रीतसर सोडल्याचं पत्र हवं होतं आणि मॅनेजर ते देईनात.

"देतो ना," ते नवऱ्याला म्हणाले. "आधी खटला संपू दे. आत्ता सोडलं तर पावडरीत काय असतं ते सांगायला तुम्हीही जाल बायकोच्या मागोमाग."

नाशिकची जागा गेली. त्यानंतरची दुसरीही गेली. खोकी मी एकेक करून उघडली, कारण भांडी लागायची. शाळेची बस आमच्या फाटकाशी थांबेनाशी झाली. मुलं कोपऱ्यापर्यंत चालत जायची. खटला जितका लांबेल तितका प्रवाळ वाचणार होता, आणि तितकीच वर्षं आम्ही राखोलीत राहणार होतो. हा हिशेब मी ताईला कधी सांगितला नाही.

एकदा संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिला फोन लावला. ती खुशीत होती. "अगं, पुन्हा पुढची तारीख पडली! स्थगिती कायम. एक भोक पाडता येणार नाही त्यांना."

घरी आले तेव्हा नवरा हातपाय धुऊन पानावर बसला होता.

"काय म्हणते ताई?"

"तारीख पडली."

"लांबची?"

"हो."

"म्हणजे तुझी पोवळी सुखात."

"सुखात."

"बरं," तो म्हणाला. "वाढ."