ओली ठेवायची भुकटी

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान हे सोलापुरातील सर्वांत सज्जन आणि सर्वांत धोकादायक गृहस्थ होते, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. शाळेत ते रसायनशास्त्र शिकवीत. घरी, माझ्या खोलीला लागून असलेल्या भिंतीच्या कोनाड्यात, बेंझॉइल पेरॉक्साइडची बाटली बाळगीत. त्या पांढऱ्या भुकटीचे मलम करून विणकरांच्या पायांवरील चिघळलेल्या जखमांना फुकट लावीत, उरलेलीवर स्वतःचे प्रयोग करीत. गुण येई, हे मी नाकारीत नाही. "मास्तरांनी पाय वाचिवला की माझा," असे एका विणकराने मला अडवून ऐकविले होते. परंतु ही भुकटी वाळली आणि नुसती घासली गेली, तरी तिचा स्फोट होऊ शकतो, हे मेहुण्यांनीच मला चहा पिता पिता सांगितले, आणि माझी झोप उडाली. तिला ओली राखण्यासाठी ते रोज तुळशीला पाणी घातल्यावर बाटलीतही थोडे सोडीत. सोलापूरच्या उन्हाळ्यात एवढ्यावर भिस्त! मी भिंतीपलीकडे रजिस्टर टपालाने तीन नोटिसा धाडल्या, कलमांसह. तिन्हींना एकच उत्तर आले : "अण्णा, नोटीस पोचली. बाटली ओली आहे."

चौथी, थेट कलेक्टरसाहेबांच्या नावे, लिहीत असता माझी नजर अंगणात गेली. चैत्राच्या उन्हात बहीण वाळवण राखीत बसली होती. पापड-कुरडयांपलीकडे एका फडक्यावर काही पांढरे पसरले होते.

"ते काय गं?"

"यांची भुकटी की, अण्णा. पार ओली झाली होती. औषध नासेल म्हणून सकाळीच पसरली. बघा कशी खडखडीत वाळली. आता भरते."

ती उलथणे घेऊन फडक्याशी वाकली. मी लेखणी टाकून उठलो. तेवढ्यात मेहुणे शाळेतून आले आणि दारातच थिजले. लग्न झाल्यापासून या गृहस्थांनी चारचौघांत पत्नीचे नाव उच्चारले नव्हते. तान्ह्याला निजविताना बोलावे तशा आवाजात ते म्हणाले, "सुमे, हात वर घे. माझ्याकडे बघत मागं ये."

नवऱ्याच्या तोंडी आपले नाव ऐकून ती इतकी चकित झाली, की उलथणे हवेत धरून निमूट मागे आली. मग कितीतरी वेळ ते बोटांच्या टोकांनी फडक्यावर पाणी शिंपडीत राहिले. सारे भिजून लगदा झाल्यावरच ते ओट्यावर बसले.

"अण्णांसमोर नाव घेतलंत," ती पुटपुटली.

पुन्हा त्यांनी ते कधी घेतले नाही. त्यांना जाऊन आता वर्षे झाली. उन्हात वाळवण घालताना बहीण कधीकधी मध्येच थांबते आणि दाराकडे पाहत राहते. अशा वेळी मी तिला हाक मारीत नाही.