पेन्सिलीने लिहिलेला कर

मार्चमधला करविचार सप्टेंबरातच का करावा, या प्रश्नाचे उत्तर लिहायला मी बसलो; परंतु ते उत्तर म्हणजे आमचे शेजारीच असल्याने आधी त्यांची ओळख करून देणे क्रमप्राप्त आहे. प्राप्तिकराला इतक्या मायेने वागवणारा गृहस्थ अख्ख्या जालना जिल्ह्यात दुसरा नसेल. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत हिशेबनीस म्हणून त्यांची हयात गेली. कराविषयी एक अक्षरही ते शाईने लिहीत नसत. कायदा वरचेवर बदलत असताना पेन वापरणे हा त्यांच्या मते उद्धटपणा होता. खोडरबर तर त्यांनी चष्म्याच्या दोरीलाच बांधला होता. अर्थसंकल्पाच्या दिवशी वहीतले जुने दर खोडल्याशिवाय ते जेवत नसत. काकू ताटाशेजारी चुरा पुसायचे फडके घेऊन बसलेल्या असत.

सप्टेंबरअखेर ते गल्लीतल्या सगळ्या पगारदारांची करगणिताची ‘सहामाही’ घेत. मी गणिताचा शिक्षक, म्हणून त्यांची करडी नजर माझ्यावर अधिक.

दोन वर्षांपूर्वी सप्टेंबरात, नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे, कर वाचवण्यासाठी पाच वर्षांची मुदत ठेव करायला मी बँकेत निघालो होतो. त्यांनी मला फाटकातच अडवले आणि शाळेत कोणती करपद्धत कळवली आहे, ते विचारले. नवी, असे मी सांगितले.

“मंग या ठेवीची वजावट तिथं मिळतच न्हाई, सर. पाच वर्षं पैसा कोंडून काय करून राह्यलात?”

इतकी वर्षे असेच करत आलो आहे, असे मी जरा घुश्शातच म्हणालो. त्यांनी मला ओट्यावर बसवले, हाती पेन्सिल दिली आणि दोन्ही पद्धतींनी गणित करायला लावले. नव्या पद्धतीत, ठेव न करताही, माझा कर शून्य येत होता. उत्तर दोनदा तपासले आणि बँकेत न जाता घरी परतलो.

डिसेंबरात पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया अचानक ठरली. ते पैसे हाताशी होते, म्हणून कुणापुढे हात पसरावा लागला नाही. आज ती जिना चढून गच्चीवर वाळवण घालते. आभार मानायला गेलो, तेव्हा ते वहीतले माझे गणित खोडत होते.

“ते यंदाचं होतं, सर. पुढल्या साली बिलकुल नवं मांडा.”

आता ते मुलाकडे पुण्याला राहतात. जाताना त्यांनी दोरीचा खोडरबर सोडून माझ्या हातावर ठेवला. यंदाची सहामाही मी एकट्यानेच दिली. तपासायला कोणी नव्हते, म्हणून तीनदा तपासली.

वर लिहिलेले नियम आपण वाचाल तोवर बदललेले असू शकतात. कृपया आपले गणित आपणच करून पाहावे, आणि पेन्सिलीने.