न कुजलेलं कापड

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आणि ज्यांच्या हाताखाली संशोधन केलं त्या सरांजवळ तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का? तर तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. कारण एवढंच आहे, उगाच मोठं करून सांगत नाही.

नांदेडला एका कॉलेजात मी माती शिकवते. मृदाशास्त्र म्हणतात त्याला, पण माती म्हटलं तरी चालतं. वर्गात मी बरी आहे, मुलं झोपत नाहीत. दर वर्षी एक धडा येतो, मातीतल्या जिवांचा. त्या दिवशी मी खडू जरा घट्ट धरते. तो धडा दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकावा असं दर वर्षी वाटतं. देत नाही.

मातीत जीव आहे की नाही हे बघायची एक साधी चाचणी असते. पांढरं सुती कापड पुरायचं आणि दोनेक महिन्यांनी उकरायचं. माती जिवंत असेल तर बुरश्या आणि जंतू ते खाऊन टाकतात, हातात चिंध्या येतात. कापड जितकं फाटकं तितकी माती चांगली. हे कळायला पदवी लागत नाही – मी मात्र त्यावर पदवी मिळवली.

कापड आणायला मी नांदेडच्या बाजारात गेले होते. मांजरपाट हवं होतं, कोरं, जाडंभरडं. इतकं मांजरपाट मागितल्यावर दुकानदाराची कात्री थांबली. आवाज खाली आणून त्यानं विचारलं, "कोण गेलं?" मला हसू आलं. प्रयोगाला पाहिजे म्हटल्यावर तो आणखीच गोंधळला आणि मी आणखी हसले. तेव्हा मी फार हसायचे.

प्रयोगाचं रान शिरूर अनंतपाळच्या पुढे होतं. मी निलंग्याला खोली घेतली होती. एसटीनं फाट्यापर्यंत जायचं आणि तिथून चालत. रान शेषेरावांचं. भला माणूस – हे आधीच सांगते, नाहीतर पुढं तुम्ही सगळं त्यांच्या माथी माराल. सोयाबीनच्या मुळकुजीवर आमचा प्रयोग होता. त्यांनी रानातले काही पट्टे दिले होते, आणि वर रोज ताक पाजायचे.

त्यांच्या रानापलीकडे गयाबाईचं रान. लहानसंच, पण स्वतःचं. तिथं जायची वाट शेषेरावांच्या बांधावरून होती, पिढ्यान्‌पिढ्या. गयाबाई एकटीच होती, लेक लातूरला दिलेली. घर बौद्ध. सासऱ्यानं तरुणपणी देव्हारा उचलून नदीत सोडला होता, ती गोष्ट ती अशी सांगायची की जणू स्वतःच सोडून आली. अंगारा, उतारा, भानामती – कुणी असलं काही काढलं की ती हातातलं काम न थांबवता म्हणायची, "रिकाम्या डोस्क्याचे धंदे हायती, बाई."

प्रयोगाच्या मजुरीला मी तिलाच घेतलं होतं. कापडं तिच्या हातानं पुरली. मी खुणा सांगत होते, ती खड्डे घेत होती, मग प्रत्येक कापड नीट पसरून वरून माती सारत होती. भर दुपारची वेळ होती. बांधावरून जाणारी माणसं थांबून बघत होती, दुसऱ्याच्या रानात ही बाई पांढरं कापड का पुरते आहे म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही. इकडच्या गावांत त्याचा अर्थ काय होतो, हे मला कळायला नको होतं का? मी काही पुण्याहून आले नव्हते.

कापडं उकरायच्या दिवशी बरीच माणसं जमली. पहिल्या पट्ट्यात चिंध्या निघाल्या. दुसऱ्यात नुसती काठाची शिवण उरली होती, शेषेराव तर खूश झाले, माझी जमीन लई भुकेली म्हणाले. मग बांधाजवळचा पट्टा आला. त्या पट्ट्यातलं सोयाबीन केव्हाच जळून गेलं होतं. गयाबाईनं खुरप्यानं माती बाजूला केली आणि कापड वर काढलं.

ते पांढरं होतं.

डाग होते, ओल होती, पण भोक नव्हतं. एक धागा सुटला नव्हता. तिनं ते झटकलं तर चक्क फटकारा वाजला – धुणं वाळत घालताना वाजतो तसा. मी गुडघ्यावर बसले आणि माती चिवडली. गांडूळ नाही, मुंगी नाही, मागच्या उन्हाळ्यात पडलेली पळसाची पानंसुद्धा जशीच्या तशी, शिरांसकट. मातीला वास नव्हता. ओल्या काळ्या मातीला वास नसणं म्हणजे काय, हे कसं सांगू? घरात माणसं बसलेली असावीत आणि कुणाचाच श्वास ऐकू येऊ नये, तसं वाटलं. ऊन डोक्यावर होतं आणि मला थंडी वाजत होती.

त्याच पावसाळ्यात शेषेरावांची म्हैस मेली होती. सून माहेरी जाऊन बसली होती. एवढं पुरतं. आठवड्याच्या आत गावात भानामती हा शब्द फिरायला लागला आणि तो गयाबाईच्या दारात येऊन थांबला. कुणी म्हणालं, कापड पुरताना ती पुटपुटत होती. ती पुटपुटत होतीच – उन्हाला शिव्या देत होती, मीच ऐकल्या होत्या.

शेषेराव माझ्याकडे आले, निलंग्याच्या खोलीवर. हातातली टोपी फिरवत उभे राहिले, बसले नाहीत. "म्याडम, मला बी खरं वाटत न्हाई," म्हणाले. "पर कापड तुमचं आन् हात तिचा. बाकी पट्ट्यातलं मातीनं खाल्लं, ह्येच का न्हाई खाल्लं? तुमी सांगा. तुमी सांगितलं तर मी गावाला सांगतो."

बघा – माणूस विचारायला आला होता. मांत्रिकाकडे जाण्याआधी माझ्याकडे आला होता.

आणि मला माहीत होतं.

आता इथवर आले आहे तर सांगूनच टाकते. त्या पट्ट्यात मी मोरचूद ओतलं होतं. बुरशीसाठी मुळांशी आळवणी करायची होती, म्हणजे औषधाचं पाणी ओतायचं होतं, औषध सरांनी सांगितलं होतं, मात्रा सांगितली होती पंपाला. इकडं सगळे पंपालाच सांगतात – पाठीवरचा फवारणीचा पंप, त्यात पंधरा लिटर पाणी बसतं, शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मी प्रयोगशाळेत वाढलेली, मी ती लिटरला धरली. ड्रममधलं पाणी शाईसारखं निळं झालं तेव्हाही मला काही वाटलं नाही, छान दिसतंय असंच वाटलं. त्या दिवशी शेषेराव बाजाराला गेले होते आणि गयाबाई तिच्या रानात होती. बांधाकडच्या पट्ट्याला मी एकटीनं, स्वतःच्या हातानं, तांब्या-तांब्यानं ते पाणी पाजलं. सगळ्या पट्ट्यांची पुडी त्या एकाच पट्ट्यात संपली तेव्हा कळलं. नवी पुडी आणली, बाकीच्यांना बरोबर मात्रा दिली आणि गप्प बसले. मोरचूद म्हणजे तांबं. तांबं कुजत नाही, उडत नाही, वाहून जात नाही. ते मातीत बसून राहतं आणि तिथं काही जगू देत नाही.

एवढं सांगायचं होतं. माझ्याकडून जास्त पडलं, शेषेराव. जळालेल्या पट्ट्याची भरपाई मागितली असती त्यांनी? नाही हो. हसले असते, गावभर हसले असते. सर चिडले असते, प्रयोग बाद झाला असता, पदवी वर्षभर लांबली असती. बस्स, एवढंच. एका बाईच्या अब्रूसमोर मी हे मांडून पाहिलं, आणि मला माझं हसं होणं जड वाटलं.

मी म्हणाले, "कारण अजून कळलेलं नाही. अभ्यास चालू आहे."

किती शहाणं वाक्य आहे ना? खोटं वाटतसुद्धा नाही. शेषेराव मान हलवून गेले आणि ते वाक्य त्यांच्याबरोबर गावात गेलं. म्याडमला बी कळंना. शास्त्राला बी कळंना. मग राहिलं काय? भानामतीला जी साक्ष कमी पडत होती ती मी दिली.

तिची वाट बंद झाली. बांधावर काट्या आल्या. मारलं नाही कुणी, दगडही पडला नाही. फक्त ती पाणी भरायला आली की बायका घागरी उचलायच्या. रब्बीच्या पेरणीला तिला रानात जाताच आलं नाही. त्या दिवाळीनंतर ती लेकीकडे लातूरला निघून गेली. मला पदवी मिळाली.

नंतर एकदा ती मला भेटायला नांदेडला आली. पत्ता विचारत विचारत, रिक्षा करून. मी चहा ठेवला. ती खुर्चीच्या कडेवर बसली, दोन्ही हात पदराखाली.

"बाई, कळलं का वो, काय झालतं?"

मी गॅस बारीक केला.

"न्हाई, मी मानत न्हाई असलं," ती आपण होऊनच म्हणाली. "पर लोकं म्हनत ऱ्हायले, म्हनत ऱ्हायले... लेकीच्या घरी आता मी विरजण लावत न्हाई. माझ्या हातानं लागंना. खरंच लागंना वो बाई, दूध तसंच ऱ्हातंय. नातू झाला, त्येला बी अजून घेतलं न्हाई." मग तिनं हात बाहेर काढले, उलटसुलट करून माझ्यासमोर धरले. "तुमी मातीचं शिकल्या. जरा बगा की. काय हाय का ह्यात?"

मी ते हात पाहिले. भेगा होत्या, नखात कणीक होती. बघायला सांगितलं म्हणून मी खरोखर बघितले, तपासल्यासारखे. आणि म्हणाले – अजून नक्की कळलेलं नाही, गयाबाई.

ती बरं म्हणाली. कपबशी स्वतः विसळून पालथी घालून गेली.

गेल्या पावसाळ्यात ती वारली. लेकीनं कळवलं, आपल्याच रानात ठेवा असं आई सांगून गेली म्हणाली. मी गेले. शेषेराव थकलेत आता. त्यांनी स्वतः पुढं होऊन बांधावरच्या काट्या काढल्या, मयताला वाट अडवत नाहीत म्हणाले. बांधाजवळचा तो पट्टा अजून उघडाच आहे. जाताना सगळे त्याला वळसा घालत होते, मीही घातला. पळसाची पानं तिथं थरावर थर साचली होती.

तिच्या रानातली माती भुसभुशीत होती. इतकी वर्षं पडीक राहून काळीभोर झालेली, खड्डा घेताना गांडुळं निघत होती, वास येत होता. तिला पांढऱ्या कापडात ठेवलं. मांजरपाटच होतं. ते कापड एव्हाना राहिलं नसेल, मला माहीत आहे. तिच्या हाताला लागलेलं शेवटचं कापड मातीनं खाल्लं असणार – आणि ते बघायला गावातलं कुणी तिथं उकरणार नाही.

मोरचूद मी ओतलं होतं, गयाबाई. तुझ्या हातात काही नव्हतं. हात माझा होता.