मरणाच्या क्रमाने

ड्रमकीलच्या पतपेढीची वार्षिक सभा नाताळाच्या आधी चर्चमागच्या हॉलमध्ये भरायची, आणि खरं सांगायचं तर हिशेब ऐकायला कोणी येत नसे. ठेवी किती वाढल्या, लाभांश किती बसला, हे खजिनदार घसा खरवडून वाचायचा आणि लोक एकमेकांच्या गुरांच्या चौकशा करायचे. मग डिम्प्ना फीली उठायची आणि हॉल चिडीचूप व्हायचा. वर्षभरात गेलेल्या सभासदांची नावं ती घ्यायची. हातात कागद नसे. आमच्याकडे नुसत्या नावाने भागत नाही, एकेका वाडीत चार-चार टॉम फीली निघतात. म्हणून नावामागे घर आणि घरामागे वाडी यायची. "जोसी क्वीनन, गिरणीजवळचा, लंगड्या पॅटचा मुलगा." एवढं म्हणून ती थांबायची. सगळे एका सुरात म्हणायचे, "देव त्याला विसावा देवो." मग पुढचं नाव.

नावं मरणाच्या क्रमाने यायची, जानेवारीतलं आधी, सभेच्या तोंडावरचं शेवटी. एका वर्षी गावातल्या मोठ्या दुकानदाराच्या बायकोने निरोप धाडला की आमच्या ह्यांचं नाव पहिलं घ्या, पतपेढीत सगळ्यांत मोठी ठेव त्यांची होती. डिम्प्ना तिला भर रस्त्यात म्हणाली, "बाईसाहेब, त्यांना पहिलं यायचं होतं तर जानेवारीत जायला हवं होतं." त्या वर्षी दुकानदाराच्या आधी नाव आलं ते रस्त्याकडेला गाडीत राहणाऱ्या एका कल्हईवाल्याचं. दुकानदारीण बाईंनी पुढची दोन वर्षं डिम्प्नाशी अबोला धरला, पण सभेला मात्र यायच्या.

पोरवयात डिम्प्ना शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. पतपेढी निघाली तेव्हा दर शुक्रवारी संध्याकाळी फुकटात गल्ल्यावर बसायला माणूस हवा होता. ती बसली, ती बसलीच. कारखाना बंद पडला तेव्हा पतपेढीने तिला पगारावर घेतलं. कुणाच्या पोरीचा चर्चमधल्या पहिल्या प्रसादाचा झगा, कुणाचं छप्पर, कुणाच्या बापाचं शेवटचं कार्य, सगळं तिच्या खिडकीतून गेलं आणि तिच्या तोंडून कधी बाहेर फुटलं नाही. लग्न का नाही केलंस, असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "शुक्रवारी वेळ नव्हता."

घरी ती आणि तिचा थोरला भाऊ मॅलकी. तोही बिनलग्नाचा. शाळेची बस चालवायचा, आणि उरलेल्या वेळात गप्प बसायचा. शुक्रवारी हॉलमधली शेगडी तो पेटवायचा, सभेच्या दिवशी खुर्च्या तो मांडायचा आणि मग सगळ्यांत मागच्या खुर्चीवर टोपी मांडीवर घेऊन बसायचा. सभेत त्याने उभ्या जन्मात तोंड उघडलं नाही. घरी गेल्यावर मात्र परीक्षकासारखा बोलायचा.

"क्वीननचं घाईत उरकलंस," तो चहा ओतता ओतता म्हणायचा.

"मुळीच नाही."

"उरकलंस. त्याची म्हातारी अजून रुमाल शोधत होती, तोवर तू दुसऱ्यावर गेलीस."

गावच्या हॉलमधली शेवटची सभा झाली त्या संध्याकाळी तो चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "माझं घेशील तेव्हा जरा सावकाश घे. मला हल्ली ऐकू कमी येतं."

"तुला कशाला ऐकू यायला हवं, मेल्या? तू मेलेला असशील."

"तरी," तो म्हणाला.

"बरं बाबा, घेईन सावकाश," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

शेवटची सभा म्हणायचं कारण असं, की जानेवारीत ड्रमकीलची पतपेढी शेजारच्या दोन मोठ्या पतपेढ्यांत विलीन झाली. विलीनीकरणाचा ठराव डिम्प्नानेच मांडला होता. ती दारोदार फिरली, लोकांना समजावलं. आपण एकटे टिकणार नाही, नियम वाढलेत, पोरांना घरासाठी कर्ज हवं असतं आणि आपण त्यांना जेमतेम जुनी मोटार घेऊन देतो. तिचं म्हणणं खरं होतं, आणि खरंच ठरलं. कॅरिगमोरला वळणरस्त्यावर काचेची नवी इमारत झाली. ज्या पोरांना बँकेने दारातूनच परतवून लावलं होतं, त्यांना घरं मिळाली. थंडी आत शिरू नये म्हणून म्हाताऱ्यांच्या घरांच्या पोकळ भिंती भरून निघाल्या. ड्रमकीलची खिडकी आठवड्यातून दोन सकाळी उघडी ठेवू, असा शब्द दिला होता, तोही त्यांनी पाळला. बोट ठेवायला कुठे जागाच नव्हती. नव्या संचालक मंडळात गावाची म्हणून डिम्प्नाला घेतलं, आणि तिला त्याचा अभिमान वाटला, का वाटू नये?

एप्रिलमध्ये मंडळाच्या बैठकीत डिसेंबरच्या सभेचा विषय निघाला. अध्यक्ष यूजीन टॅफ हा सभ्य माणूस, औषधांचं दुकान चालवतो, कुणाला टाकून बोलायचा नाही. तो म्हणाला, "ड्रमकीलला नावं घेण्याची चाल आहे, चांगली आहे. पण आता तीन गावं मिळून वर्षाला सत्तर-ऐंशी माणसं जातात. लोक लहान पोरं घेऊन येतात हो. शिवाय घरच्यांची परवानगी घ्या, हे घ्या, ते घ्या. मी म्हणतो, सगळ्यांसाठी मिळून एक मिनिट स्तब्ध उभं राहू. काय म्हणता, डिम्प्ना?"

सगळे तिच्याकडे बघायला लागले. खेड्यातली बाई जुनं उगाळत बसली, असं तिला व्हायचं नव्हतं. आणि टॅफचं म्हणणं काही चूक नव्हतं. तिने हात वर केला. तिचाच हात सगळ्यांत आधी वर गेला.

ही बातमी तिच्याआधी गावात पोचली. कॉन्सेप्टा मॅकहेल ही तिची शाळेपासूनची मैत्रीण. कॉन्सेप्टाचा नवरा बार्टी फेब्रुवारीत गेला होता. ती तरातरा डिम्प्नाच्या अंगणात आली.

"तू हात वर केलास?"

"केला."

"माझा बार्टी दहा महिने रांगेत उभा राहणार होता, आणि तू खिडकीच बंद केलीस!"

"अगं, ऐंशी नावं, कॉन्सेप्टा—"

"ऐंशी असू देत नाहीतर आठशे! तुला कोण घाई होती?"

मॅलकी दारात उभा राहून ऐकत होता. कॉन्सेप्टा गेल्यावर तो आत आला, "हं" म्हणाला आणि चहाचं आधण ठेवलं. एवढंच. तो चिडला असता तर बरं झालं असतं, असं डिम्प्नाला पुढे कितीदा तरी वाटलं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात मॅलकी दलदलीवर जळणासाठी सुकवलेल्या मातीच्या विटा आणायला गेला आणि ट्रॉलीला टेकून बसला तो उठलाच नाही. रीतीप्रमाणे दोन रात्री त्याला घरीच ठेवलं होतं, आणि घर माणसांनी भरलेलं होतं. ज्यांना त्याने बसमधून शाळेत नेलं, त्यांची पोरं आता मिशा फुटलेली होती. ती सगळी ओळीने येऊन त्याच्या गार हाताला हात लावून गेली. सँडविचचे ट्रे पतपेढीकडून आले. नवी व्यवस्थापक स्वतः घरी आली, स्वयंपाकघरात उभी राहून कपबशा विसळू लागली. मॅलकीने छपरासाठी काढलेलं कर्ज विम्यातून मिटलं आणि वर अंत्यविधीचे पैसे आठवड्याच्या आत जमा झाले. कर्ज माणसाबरोबर संपतं, मागच्यांच्या मानेवर बसत नाही, हे डिम्प्नाने जन्मभर दुसऱ्यांना खिडकीतून सांगितलं होतं. आता दुसरं कुणीतरी तिला हळू आवाजात तेच सांगत होतं, आणि ती मुकाट्याने मान हलवत होती.

नोव्हेंबरमध्ये ती यूजीन टॅफच्या दुकानात गेली. मनात जुळवून गेली होती, की यंदापुरती तरी नावं घेऊ. तो काउंटरवरून बाहेर आला, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला, "काहीही लागलं तर सांगा, डिम्प्ना." आणि त्या क्षणी तिला कॉन्सेप्टाचा चेहरा दिसला. बार्टीच्या वेळी हात वर करायचा आणि आपल्या भावाच्या वेळी खाली घ्यायचा, हे कुठल्या तोंडाने मागायचं? खोकल्याचं औषध घेऊन ती परत आली. खोकला तिला नव्हता.

डिसेंबरातल्या शनिवारी, दुपारच्या जेवणानंतर, कॅरिगमोरच्या हॉटेलात सभा भरली. कॉन्सेप्टाचा राग मॅलकीच्या घरी शवपेटीशेजारी बसल्या बसल्याच विरला होता. तिनेच डिम्प्नाला आपल्या गाडीतून नेलं. ड्रमकीलची माणसं एका टेबलाभोवती दाटीवाटीने बसली. पडद्यावर रंगीत चित्रं आली. सभासद वाढले, ठेवी वाढल्या, कर्जं वाढली, सगळे बाण वर. एक तरुण जोडपं तान्हं मूल घेऊन पुढे आलं आणि घर कसं मिळालं ते सांगताना त्या मुलीचा आवाज भरून आला. सगळ्यांनी मनापासून टाळ्या वाजवल्या, डिम्प्नानेही. त्या मुलीच्या आजोबांच्या शेवटच्या कार्याचं कर्ज तिनेच मंजूर केलेलं होतं.

मग टॅफ म्हणाला, "वर्षभरात आपल्याला सोडून गेलेल्या सर्व सभासदांसाठी एक मिनिट उभे राहू या."

तीनशे माणसं उठली. कुठेतरी ते तान्हं रडायला लागलं, वेटरने चमचे पाडले. मिनिट काही पुरं झालं नाही, निम्म्यातच टॅफ "आभारी आहे" म्हणाला आणि खुर्च्या सरकल्या. त्याने मुद्दाम नाही केलं. शांत उभं राहिलं की वेळ लांब वाटतो, एवढंच. डिम्प्ना सगळ्यांच्या नंतर खाली बसली. मॅलकीच्या वाट्याला त्या अर्ध्या मिनिटातलं किती आलं असेल?

शेवटी सोडत निघाली. आमच्याकडे सोडतीशिवाय सभा संपत नाही, अर्धी माणसं त्यासाठीच येतात. टॅफने टोपलीत हात घातला, चिठ्ठी उलगडली, आणि त्याचा चेहरा फुलला. तो माईकमध्ये खणखणीत म्हणाला, "डिम्प्ना फीली, ड्रमकील!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. तिला कळेना काय झालं. कुणीतरी पाठीवर थाप मारली, कुणीतरी तिला खुर्चीवरून उठवलं. ती पुढे गेली. हॅम, केक आणि वाइनच्या बाटल्यांनी भरलेली टोपली तिच्या हातात आली, फोटो निघाला. टॅफ म्हणाला, "पतपेढीची जुनी सेवा यांच्याइतकी कुणाची नाही. दोन शब्द बोला ना, डिम्प्ना!" आणि माईक त्याने तिच्या तोंडासमोर धरला.

हॉल शांत झाला. असा शांत झालेला हॉल तिला चांगला ओळखीचा होता. ड्रमकीलच्या टेबलाशी कॉन्सेप्टा खुर्चीतून अर्धवट उठली होती आणि मान हलवून तिला सांगत होती, घे, नावं घे. डिम्प्नाने श्वास घेतला.

"आभारी आहे," ती म्हणाली. "सगळे सांभाळून घरी जा. रस्ते निसरडे झालेत."

परतीच्या वाटेवर टोपली मागच्या सीटवर होती. उजेड उतरत आला होता. दलदलीचा रस्ता लागला तेव्हा कॉन्सेप्टाला राहवेना.

"माईक तोंडाशी आला होता, बाई. कुणाच्या बापाची हिंमत होती तुला अडवायची?"

"कुणीच अडवलं नसतं."

"मग? मॅलकीचं घ्यायचं होतंस. माझ्या बार्टीचं नसतं घेतलंस तरी मी काही म्हटलं नसतं, देवाशपथ."

"बार्टीचं घेतलंच असतं. आपल्या सातही जणांची घेतली असती." डिम्प्ना खिडकीबाहेर बघत होती. "आणि त्यानंतर? बाकीच्यांची माणसं समोर बसली होती, कॉन्सेप्टा. काळे कपडे घालून आलेली. त्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. त्यांची नावं मला येत नाहीत गं. एकही येत नाही."

कॉन्सेप्टाने गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

"आपली सात येतात ना?"

"येतात."

"मग घे. इथे घे. मी आहे म्हणायला."

डिम्प्नाने पर्स मांडीवर नीट ठेवली आणि सुरुवात केली. जानेवारीतली नेली मॅकलॉक्लिन, पुलापलीकडची, शिंपिणीची लेक. कॉन्सेप्टा म्हणाली, "देव तिला विसावा देवो." मग बार्टी मॅकहेल, वरच्या माळावरचा, रेड जॉनचा मुलगा. कॉन्सेप्टाला ते म्हणायला वेळ लागला. डिम्प्ना थांबली. तिने घाई केली नाही. मग मार्चमधला, मेमधल्या दोघी, ऑगस्टमधला. सहा झाली.

कॉन्सेप्टा वाट बघत राहिली. काचेवर दोघींच्या श्वासांची वाफ धरली होती. डिम्प्नाने तोंड उघडलं, आणि तिला कळलं की घरी शेगडीजवळची त्याची खुर्ची तिने अजून हलवलेली नाही, सकाळी दोन कप काढते आणि एक परत ठेवते, आणि हे नाव एकदा क्रमात घेतलं की तो गेला. जन्मभर ती लोकांच्या घरातली माणसं अशी एकेक करून पोचवत आली होती, आणि त्या बाया रुमालात तोंड का खुपसायच्या, ते तिला आज समजत होतं.

"डिम्प्ना?" कॉन्सेप्टा हळूच म्हणाली. "मी घेऊ का?"

"नको!" ती इतक्या जोरात म्हणाली की कॉन्सेप्टा दचकली. मग तिने मैत्रिणीच्या हातावर हात ठेवला. "नको गं. गाडी चालू कर. त्याचं राहू दे अजून."