फळीवरचे दोन महिने

माझी मुलगी चिंचेच्या झाडावरून पाठीवर पडली तेव्हा मी हैदराबादच्या अफझलगंज बाजारात, माझ्या दुकानात होतो. घरी थोरले बंधू होते, सरकारी नोकर. आमच्याकडे हाड दुखावलं की आधी हाडं बसवणारा पहिलवान, मग डॉक्टर. त्यांनी नऊ वर्षांच्या पोरीला रिक्षात बसवून तालमीत नेलं. पहिलवानाने तेल चोळून पाठ ओढली. संध्याकाळी तिला पाय हलवता येईनात. बंधूंना मी हे आजवर माफ केलेलं नाही.

कोठी भागातल्या डॉक्टरांनी हाडाचा फोटो काढला. मणका चेपला होता. "पायांत थोडी जाणीव आहे. दोन महिने सपाट झोपवा. बसवायचं नाही. कूस बदलताना तिघांनी एकदम वळवायचं." दुकानात ज्या फळीवर आम्ही कापड पसरत होतो, ती मी पोरीला झोपवायला घरी आणली.

त्याच सुमारास हैदराबाद राज्य मोडलं. बंधूंची बदली औरंगाबादला झाली आणि आम्ही सगळे राहत होतो ते त्यांचं सरकारी क्वार्टर कर्नूलहून आलेल्या एका कारकुनाला मिळालं.

"गादीवर घालून गाडीने नेऊ," बंधू म्हणाले.

"एकदा नेलीत, दादा. आता पोरीला हात लावायचा नाही."

"मग राहा रस्त्यावर!"

ते गेले. कारकून बायकामुलांसह दारात आला. मला एक खोली हवी होती, संक्रांतीपर्यंत. म्हणून मी दोन मागितल्या, होळीपर्यंत.

"क्या बाता करते सेठ! मेरे चार बच्चे हैं!"

मीही आवाज चढवला. एवढ्यात त्याची बायको आत जाऊन पोरीला पाहून आली आणि नवऱ्याला तेलुगूत काहीतरी ठणकावून बोलली. मला एक खोली मिळाली, संक्रांतीपर्यंत. पोरीची कूस बदलायला मी, माझी बायको, आणि तिसरे हात त्या बाईचे.

संक्रांतीच्या आधी डॉक्टरांनी पोरीला उभं करायची परवानगी दिली. पोर भिंत धरून थरथरत होती.

"भिंत सोड," मी म्हटलं.

"पाय माझे आहेत का तुमचे? ओरडू नका!"

"सोड म्हणतो ना."

डावा पाय घासत तिने दोन पावलं टाकली आणि आईच्या अंगावर कोसळली. बायको रडायला लागली.

"पुन्हा," मी म्हणालो.

पोरीने माझ्याकडे जळजळीत पाहिलं, आईचे हात झटकले आणि उठायला लागली.